चुलतसासूबाईंचं बोट
बिबडा, म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड, गॅसवर भाजला की त्या खरपूस वासासरशी मला चुलतसासूबाईंचं बोट आठवतं. तेव्हा मी धुळ्याहून नरडाण्याच्या कंपनीत अपडाऊन करायचे. पोरगी चार वर्षांची, पोरगा मांडीवरचा. वैशाखातल्या एका रविवारी दुपारी बाई गावाहून आल्या, पाणीही न पिता स्वयंपाकघरात शिरल्या आणि फ्रिजच्या डोक्यावरून फिरवलेलं बोट त्यांनी सगळ्यांसमोर धरलं. "माय वं, बठ्ठी धूळ शे!" म्हणजे सगळी धूळच धूळ. नवरा कूलरसमोर दिवाणावर आडवा पडला होता, त्याला ते बोट कुणी दाखवलं नाही, उलट तोच हसला. मी बिबडे भाजून ताटलीत ठेवले. उन्हाळ्यात बिबडे घरीच घालायचे, ही सुनेची परीक्षाच असते. पहिला तुकडा मोडताच बाई खुलल्या. "विकतना बिबडासले ही चव येस का?" मी पुढचा बिबडा गॅसवर धरला. पोरगी मात्र म्हणाली, "आजी, हे आईने बसस्टँडवरून आणलेत." बाईंचा जबडा क्षणभर थांबला. "तरीच! मीठ जास्तच शे," असं म्हणून त्यांनी पाचवा बिबडा उचलला. आजही मी बिबडे विकतच आणते आणि फ्रिजवर धूळही असते. लाज वाटते ती एवढ्याचीच, की असल्या बोटाच्या आणि असल्या जिभेच्या धाकाने मी कितीतरी रविवारी पोरांना रडत ठेवून घर पुसत होते.