सरांचा लेखनिक

आमचे तत्त्वज्ञानाचे सर रोह्याच्या कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा त्यांचं पुस्तक अर्धं राहिलं होतं आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुढचं ते तोंडी सांगणार, कुणीतरी लिहून घेणार, असं ठरलं. तो कुणीतरी मी व्हावं, एवढीच त्या वर्षी माझी इच्छा होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. खांब नावाच्या गावाजवळून एसटीनं येणाऱ्या मला सरांनीच बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत आणलं होतं. शिवाय माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं.

सर चिद्वादी होते. पाहणारं मनच नसेल तर वस्तू आहे म्हणण्याला काही अर्थ नाही, हे त्यांचं मत. त्यावर निवांत विचार करता यावा म्हणून मुंबईची नोकरी सोडून ते रोह्याला आले होते आणि नदीपलीकडच्या अष्टमी गावात दोन खोल्यांत राहत होते. वीज गेली की खालचा दुकानदार ओरडायचा, “सर, मनातली लाइट लावा की!”

सर वरून म्हणायचे, “लावलीय. तुला दिसत नाय, त्याला मी काय करू?”

एका रविवारी लेखनिक निवडायला आम्हां दोघांना त्यांनी बोलावलं. दुसरा माझ्याच वर्गातला, पेणचा होता, गणपतीच्या कारखानदाराचा मुलगा. त्याच्या नखांत कायम रंग असायचा. सर म्हणाले, “वस्तू तीच, पण मन बदललं आणि वस्तूच दुसरी झाली, असं एक उदाहरण द्या.”

मी दोरी आणि सापाचं दिलं. “पाठ्यपुस्तकातलं आहे,” सर म्हणाले.

पेणवाला डोकं खाजवत म्हणाला, “सर, आमच्याकडं डोळ्यांची आखणी होईपर्यंत मूर्तीला माल म्हणतात. माणसं तिच्या हातावर शर्ट अडकवतात, मांडीवर चहाचा ग्लास ठेवतात. डोळे आखले की तोच माणूस म्हणतो, बाप्पा, जरा सरका.”

सर उठून उभे राहिले. “तीस वर्षं मी शिकवलं,” म्हणाले, “हे मला सुचलं नाही रे!” आणि लेखनिक तो झाला.

त्याचं अक्षर म्हणजे चिखलातून खेकडा गेल्यासारखं. तरी सर त्याच्यासाठी स्वतः चहा टाकायचे. मला हे माहीत होतं, कारण काहीतरी निमित्त काढून मी तिथं जायचोच. घरी जेवण जाईना. आई म्हणाली, “त्या पेणवाल्यानं तुझं काय खाल्लंय रे? भाकरी तरी खा!”

“तू गप बस गो आई,” एवढंच मी म्हणालो.

गणपती जवळ आले तसा तो कारखान्यात अडकला. सरांचा निरोप आला: काही दिवस तू ये. मी धुतलेला शर्ट घालून गेलो. कागद नीट लावले, पेन उघडलं. सर डोळे मिटून सांगू लागले आणि मी लिहू लागलो: मूर्तीचे डोळे आखले जाण्यापूर्वी कारागीर तिला माल म्हणतात... त्याचंच उदाहरण, माझ्या सुंदर अक्षरात. पान संपेपर्यंत माझे कान तापले होते.

“पटतंय ना?” सरांनी विचारलं.

“नाय पटत, सर.” एरवी त्यांच्यापुढं माझ्या तोंडून कधी ‘नाय’ जात नसे. “मन आपोआप कुठं बदललं? आधी ब्रश फिरला, रंग लागला. बाहेर काही झालं, म्हणून आत झालं. डोळे आखलेच नसते तर अजून तिच्या हातावर शर्टच लटकत असते.”

सर डोळे उघडून माझ्याकडं वळले. मग त्यांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं मी त्या चेहऱ्याची वाट पाहत होतो.

“फार चांगला आक्षेप आहे,” ते म्हणाले. “हाही घे लिहून, शब्दन् शब्द. तो पेणहून आला की त्याला विचारू, यावर त्याचं काय म्हणणं आहे ते.”

मी लिहून घेतला.