डिब्रुगड ते चिकलठाणा, सव्वातीन तास

अरुणाचलात आमची कंपनी होती तेव्हा घरी पोचायला ट्रक आणि रेल्वे मिळून पाच दिवस लागत. त्यामुळे जवानांचा आवडता प्रश्न एकच होता : विमानाने किती? मी हवालदार, सोयगाव तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातला पहिला पदवीधर. असे प्रश्न माझ्याकडेच येत. मी मोबाइलवर दोन विमानतळांमधलं सरळ अंतर काढून सांगायचो. डिब्रुगड ते चिकलठाणा, म्हणजे आमचा संभाजीनगरचा विमानतळ, सुमारे बावीसशे किलोमीटर. सव्वातीन तास.

"तेवढ्यात तर आमची वैजापूरची एसटी तुमच्या सोयगावला बी पोचत नाय, उस्ताद," लान्स नायक सुदाम हसायचा.

एका मंगळवारी सकाळी ०६४० वाजता रस्ता खुला करणाऱ्या पार्टीवर दरड कोसळली. कॅम्पवर रेडिओ माझ्याजवळ होता.

"एक जवान दबला. ओव्हर."

"नाव? ओव्हर."

"लान्स नायक सुदाम. ओव्हर."

०८१५ ला त्याला बाहेर काढलं. तो गेलेला होता.

कंपनी कमांडर म्हणाले, "बॉडी के साथ एस्कॉर्ट तुम जाओगे."

"यस सर."

बुधवारी सकाळी डिब्रुगड विमानतळावर शवपेटीचं वजन चाललं होतं, तेव्हा सुदामच्या वडिलांचा फोन आला.

"साहेब, लेकरू कवा येतं?"

"इथून सव्वातीन तास, बाबा," मी सवयीने बोलून गेलो. तेवढ्यात कागदांवर सह्या करायला मला बोलावलं आणि फोन ठेवला. थेट विमान नव्हतंच. कोलकाता, मुंबई, मग संभाजीनगर असं माझ्या हातातल्या तिकिटावर छापलेलं होतं. बाबांनी अंतर विचारलंच नव्हतं.

कोलकात्याला पेटीचे कागद तपासण्यात पुढचं विमान गेलं. मी फोन केला. सुदामचे आई-बाबा आणि घरचे सगळे चिकलठाण्याला येऊन बसले होते.

"उद्या दुपारी?" बाबा म्हणाले. "आज हिच्या डायलिसिसची पाळी व्हती, साहेब. तीन तासांत पोरगं येतंय म्हणून सोडली."

"आत्ता घेऊन जा त्यांना."

"नंबर दुसऱ्याला दिला. अन् ती उठत बी नाय इथून."

गुरुवारी १३०५ ला आम्ही उतरलो. निळे झेंडे घेऊन गाव उभं होतं. आई खुर्चीवर होत्या, पाय सुजलेले. पेटीचं झाकण उघडलं. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मला विचारलं, "रातभर कुठं ठेवलं व्हतं त्याला?"

"कार्गोच्या गोदामात. आत जाऊ देत नव्हते. मी दाराशी बसलो होतो."

"बसून व्हतास?"

"व्हय, आई."

"मग ठीक."

माफी मागायची होती. मी पेटी उचलायला पुढे झालो.

अंत्यविधी होईपर्यंत त्या दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. संध्याकाळी त्यांना भरती केलं. नवव्या दिवशी त्या गेल्या. एका पाळीने असं होत नसतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी मला कधी बोल लावला नाही.

आता मी निवृत्त आहे. दरवर्षी सुदामच्या स्मृतिदिनाला वैजापूरला जातो. बुद्धवंदना झाली की बाबा मला दोघांविषयी चार शब्द बोलायला सांगतात. सुदामचं मी सरळ सांगतो : लान्स नायक, वय अठ्ठावीस, ड्यूटीवर असताना शहीद. आईंचं नाव घेतो आणि तिथे थांबतो. पुढचं, सव्वातीन तासांचं वाक्य मला अजून सांगता आलेलं नाही.