डाव्या हाताचा हिरो

घोलवडच्या वाडीत चिकू उतरवणारा माझा चैत्याकाका मारामारीच्या पिक्चरचा वेडा. झाडावरून पडून त्याचा उजवा खांदा कामातून गेला, तेव्हापासून तो खाली बसून नुसते चिकू निवडायचा.

२०१७ साली मी त्याला डहाणूला एका हेरपटाचा दुसरा भाग बघायला नेलं. हेलिकॉप्टर फुटलं, थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं, पण काका ढिम्म. मग हिरो डाव्या हाताने दोरीला लटकला आणि काका ताडकन उठला.

"सुषमा, पहिल्या भागात याच्या उजव्या खांद्यात गोळी घुसलेली! पिक्चरवाले विसरले नाहीत गं! याला म्हणतात दुसरा भाग!"

मागचे "खाली बस" म्हणून ओरडले. ओरडू देत, त्यांना मेल्यांना फक्त स्फोट दिसतात.

सकाळी काका डाव्या हाताने फांदी धरत पुन्हा झाडावर चढला. खालून मी शिट्टी मारली.