पुढच्या शिफ्टसाठी

श्रीराम काकांची वही मी टाइप केली. हे आधीच सांगून टाकते.

आम्ही नोव्हाय गावात त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. नकुल, माझा नवरा, नोकरीला जातो. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. मराठी साहित्यात एम. ए. केलेली मी दिवसभर घरीच असते.

काका मोटारीचे दरवाजे बनवणाऱ्या कारखान्यात तेरा वर्षं पत्रा दाबून आकार देणारी एकच प्रेस सांभाळत होते. दोन मजले उंच, साठ वर्षं जुनी. पेनसिल्व्हेनियात बनली, ओहायोत चालली, मग इथे आली. आता कंपनी ती नेव्हाडाला हलवणार होती. तिच्याबरोबर इथला फार तर एक इंजिनिअर जाणार होता.

"हा देश असाच पश्चिमेला सरकत आलाय," काका म्हणायचे. "आधी बैलगाड्या, मग रेल्वे, मग कारखाने. आता मी."

"तुम्ही कसले सरकताय? जिना उतरताना गुडघा धरता," सुलेखा काकू म्हणायच्या.

हसण्यासारखं फार नव्हतं. ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं. नोकरी गेली, तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर परत. त्यांची अनिका आठवीत. तिने भारत दोनदाच पाहिलाय.

वही ही काकांची भोसरीच्या कारखान्यातली सवय. शिफ्ट संपली की हात धुण्याआधी पुढच्या माणसासाठी सगळं लिहून ठेवायचं. प्रेस कुठे अडते, कुठला बोल्ट किती सैल ठेवायचा. मापं सुतात, एका इंचाचे आठ सूत. सगळं मराठीत. कंपनीला ते इंग्रजीत हवं होतं.

"हे दिलं की नेव्हाडा पक्कं," काका म्हणाले.

"दोन पानं तरी मागे ठेवा," काकू म्हणाल्या. "अडलं की बोलावतील."

"आणि पुढच्याचा हात अडकला तर?"

"पुढचे तुम्हीच ना?"

काकांनी अख्खी वही माझ्यासमोर ठेवली.

तीन आठवडे मी ती इंग्रजीत टाइप करत होते. 'सकाळी पहिले दहा ठोके रिकामे मारा. थंडीत हिचं तेल घट्ट होतं. घाई करू नका.' अशी एकशे चाळीस पानं. विशेषण जवळजवळ नाहीच. मला ते फार आवडलं. मी एकही ओळ गाळली नाही.

सोमवारी काकांनी फाइल पाठवली. गुरुवारी ते दुपारी तीनलाच घरी आले. हातात खोकं. त्यात कप, सेफ्टी शूज, अनिकाचा फोटो.

"मॅनेजर खूश होता," ते म्हणाले. "म्हणाला, इतकं नीट लिहिलंय, की तिकडचा कोणीही ती चालवेल. इथून कुणाला पाठवायची गरजच नाही."

काकूंनी चहा टाकला. अनिका शाळेतून आली, खोकं बघून दारातच थांबली.

"बाबा, सो आर वी मूव्हिंग वेस्ट ऑर नॉट?"

"नाही गं." काकांनी खोकं खाली ठेवलं. "ईस्ट. बहुतेक."



"काका, मी टाइप करायला नको होतं," मी म्हटलं.

"दुसऱ्या कोणी केलं असतं. चुका ठेवून." त्यांनी कप उचलला, तसाच खाली ठेवला. "रुचा, ते दहा रिकामे ठोके. ते इथल्या थंडीसाठी. नेव्हाडाच्या उन्हाळ्यात तेल पातळ होईल, ब्रेक घसरेल. मी ते लिहिलंच नाही."

"तुमचा मेल बंद केला असेल त्यांनी."

"तुझ्यावरून पाठव."

"नको पाठवूस," काकू म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी काकांकडे पाहिलं. ते वाट बघत होते. मी लॅपटॉप उघडला. मॅनेजरचा पत्ता त्यांना पाठ होता. ते एकेक वाक्य सांगत गेले, मी लिहीत गेले. सहा ओळी झाल्या. त्यांनी मला परत वाचून दाखवायला लावल्या, एक आकडा बदलला.

मेल गेला.

मग काका हात धुवायला उठले.