दमा म्हणून लिहिलेली सुमित्रा

सुनंदा, ये गं, अशी जवळ बस आधी. आशा सेविकेचं काम घेऊन चार महिने झाले आणि मावशीकडं यायला आज सवड मिळाली? आणि आल्या आल्या सांगतेस काय, तर पेशंट बघितल्याबरोबर तुला रोग कळतो. असं बोलू नको बाई. मीही बोलायची.

हेच काम करताना माझ्याकडं डोंगरावरची तीन गावं होती. त्यातली सुमित्रा तिशीची. चढ चढली की धापा टाकायची. चुलीच्या धुरानं आमच्या अर्ध्या बायका खोकतातच. मी तिला आरोग्य केंद्रात नेलं आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "सर, दमा हाय हिला." बाहेर ही गर्दी. कार्डावर दमा चढला. तोंडानं ओढायचा पंप मिळाला. पुढं दोन डॉक्टर बदलले, कार्ड तेच. दोन वर्षं मी तिलाच रागावत होते, "पंप नीट ओढत न्हाईस तू!"

मग केंद्रात एक नवीन डॉक्टर मॅडम आल्या. म्हणाल्या, "आडवी हो." सुमित्रा आडवी झाली आणि घुसमटून उठून बसली.

"घरी कशी झोपतेस?"

"बसून."

तिचा नवरा परशराम मध्येच बोलला, "मॅडम, भात राखायला आम्ही सगळीच माळ्यावर बसून झोपतो. डुकरं येतात न्हवं." माळा म्हणजे शेतातलं मचाण.

"भात कापून किती दिवस झाले?"

परशराम बोटं मोजायला लागला. "दोन महिनं," म्हणाला. तरी घरात ती अजून भिंतीला टेकूनच झोपत होती. माळ्याची सवय लागली असेल, असं घरच्यांना वाटलं. मलाही वाटलं.

बेळगावला एको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयात झडपा असतात. रक्ताला पुढं सोडतात, मागं येऊ देत नाहीत. हिची एक झडप आकसून कडक झालेली. लहानपणी घसा दुखून ताप आला होता, सांधे सुजले होते, त्याचं हे. झडप बदलायला लागणार होती. नाही बदलली तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टर स्पष्ट बोलले.

सासू बाहेर बाकावर बसलेली. "छाती फाडणार? त्यापरास दमाच बरा होता की!"

सुमित्रानं माझ्याकडं बघितलं. "अक्का, मग दोन वर्सं मी पंप उगाच ओढला?"

"व्हय. चूक माझी झाली."

सुमित्रा म्हणाली, "ऑपरेशनला तुम्ही संगं या."

गेले. तिच्या बांगड्या रुमालात बांधून माझ्याकडं दिल्या होत्या. सकाळी आत नेलं, तिसऱ्या प्रहरी डॉक्टर बाहेर आले. "झालं नीट," एवढंच म्हणाले. सासू जमिनीवरच बसली.

आता धातूची झडप आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, रक्ताची तपासणी वरचेवर. पुन्हा दिवस जाणं धोक्याचं, असं सांगितलंय. "एक पोरगी हाय, बास," म्हणाली सुमित्रा, पण म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही.

तेव्हा, पेशंटला काय होतंय तेवढं सांगत जा. रोगाचं नाव डॉक्टरांना ठेवू दे. आपण ठेवलेलं नाव कार्डावर चढलं की कोणी पुसत नाही.

येत्या सोमवारी सुमित्रा तपासणीला इथं रामनगरला उतरणार आहे, दुपारी जेवायला माझ्याकडंच असते. तूही ये गं. तिच्या तोंडून ऐक.