झाडावरच्या मालाचा आकडा

"काय विष्णूभाऊ, यंदा चिकू कसा काय?" असं कुणी विचारलं की बोर्डीच्या बागायतदार संघाचा चिटणीस विष्णू चुरी याचं डोकंच सटकायचं. "मला काय विचारता? गावातल्या कावळ्यांना विचारा, त्यांना माहीत असेल!" आणि बिचाऱ्याचं काही चुकत नव्हतं.

झाडावरचा माल मोजून बोलायचा नाही, ही तिथली रीत. आकडा तोंडातून निघाला की दृष्ट लागते आणि फळ गळतं. त्यामुळे फांद्या ओझ्याने वाकल्या असल्या तरी वाडीवाला म्हणणार, "निघतील दोन-चार करंड्या." गावातली सगळ्यांत मोठी चिकूची वाडी बायजीकाकूंची. त्यांच्याही दोन-चारच! मग तोडीच्या दिवशी चाळीस-पन्नास करंड्यांचा माल निघायचा आणि भरायला करंड्याच नसायच्या.

करंड्या विणायचा रानशेतचा बाबल्या. तो सांगितल्याच्या निम्म्याच विणतो, म्हणून विष्णू त्याला दुप्पट सांगायचा. विष्णूभाऊ दुप्पट सांगतात, म्हणून बाबल्या निम्म्या विणायचा. सरावलीचा ट्रकवाला शैलेश दोघांचंही शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मनाला येईल ती गाडी पाठवायचा. कधी माल उन्हात, कधी गाडी रिकामी. आणि शिव्या मात्र चिटणिसाला. "सगळे एका धंद्यात, आणि एकमेकांपासून असे लपवतात की जशी चोरीच केलीय," असं तो बायकोला सांगायचा. तीही आता ऐकून ऐकून विटली होती.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात दिल्लीचा एक व्यापारी बोर्डीला येऊन गेला. माणूस सरळ होता. "माल कमी असला तरी घेईन, जास्त असला तरी घेईन. पण आठवडाभर आधी खरा आकडा कळवा. तेवढंच गिऱ्हाईक मी धरून ठेवतो. आकडा चुकला तर आपला रामराम." मुंबईच्या दलालाशिवाय माल विकायची गावाला पहिल्यांदाच संधी आली होती. विष्णूने संघाच्या सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं, "हे जमलं नाही तर मी चिटणीसपद सोडतो." सभेतल्या दोघातिघांना ती कल्पना बरी वाटली, हे त्याच्या लक्षात आलं.

पहिला माल बायजीकाकूंच्या वाडीतून जायचं ठरलं. विष्णू त्यांच्या ओटीवर जाऊन बसला आणि हटेचना. आधी विनवणी, मग वाद, मग रुसवा. शेवटी काकू वैतागून उठल्या. वाडीत जाऊन त्यांनी झाडांवरून मीठमोहरी ओवाळली, डोळे मिटले आणि कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाल्या, "साठ."

विष्णू हवेत तरंगतच घरी आला. जेवताना मात्र घास तोंडातच राहिला. या बाई दोन-चार म्हणतात तेव्हा पन्नास निघतात. मग साठ म्हणाल्या तर किती निघतील? निदान दीडशे तरी! त्याने दिल्लीला ट्रंक कॉल लावून दीडशेचा आकडा कळवला. सरावलीला उतरून शैलेशकडे मोठा ट्रक सांगितला. रानशेतला जाऊन बाबल्याला म्हणाला, "दीडशे करंड्या. या वेळी निम्म्या करू नकोस, तुला माझी शपथ. आकडा खरा आहे."

शपथेपुढे बाबल्याचं काही चाललं नाही. त्याची बायको कमळी माहेरच्या लग्नाला जायची होती, ती गेली नाही. दोघांनी दिवसरात्र बांबू चिरले, बोटं सोलवटली आणि दीडशे करंड्या विणून पुऱ्या केल्या. शैलेशनेही दुसरं भाडं सोडून मोठा ट्रक आणला.

तोड झाली. साठ करंड्या भरल्या आणि माल संपला. वाडीच्या कुंपणाशी नव्याकोऱ्या रिकाम्या करंड्यांचा ढीग उभा राहिला, आणि त्या अवाढव्य ट्रकच्या एका कोपऱ्यात चिकू बसले.

दिल्लीवाला फोनवर फार बोलला नाही. रामराम म्हणाला आणि फोन ठेवला.

विष्णूच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तसाच वाडीत शिरला. रिकाम्या करंड्यांचं काय करायचं, हे विचारायला बाबल्या आणि कमळी तिथेच थांबले होते.

"काकू, बाकीचा माल कुठे आहे?"

"कुठला बाकीचा? मी साठ सांगितल्या होत्या."

"अहो, तुम्ही साठ म्हणालात म्हणजे..."

कमळी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "भाऊ, काकूंनी साठच सांगितलेल्या? मग आमाला दीडशे कोणी सांगितल्या?"

विष्णूला तोंड वर करवेना. इतकी वर्षं तो सगळ्यांवर चिडत आला होता, आणि आता चिडायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

काकूंनी आवाज चढवला नाही. "जन्मात पहिल्यांदा आकडा तोंडातून काढला रे मी. रात्री झोप लागली नाही, फळ गळेल म्हणून. बाबल्याने तुझं ऐकलं, शैलेशने ऐकलं, त्या दिल्लीवाल्यानेसुद्धा ऐकलं. तुलाच तेवढं माझं खरं वाटलं नाही."

मग त्या बाबल्याकडे वळल्या. "पुढच्या तोडीला इकडेच ये. आकडा मी तुलाच सांगेन. चिटणिसाकडे जायची गरज नाही."