चार पायांचं मणे

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी उस्मानाबादेत मी माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तेव्हा निजामाची राजवट होती आणि मी जिल्ह्याच्या कचेरीत उर्दू कागद लिहिणारा अहलकार होतो. खोल्या अगदी भुंड्या. चुन्याच्या भिंती, शहाबादी फरशी, रस्त्याकडे दोन खिडक्या आणि एका भिंतीत दिव्यासाठी कोनाडा. जुन्या भाडेकरूनं खुंट्यासुद्धा उपसून नेल्या होत्या. बायको म्हणाली, "बरं हाय, झाडायला सोपं."

मला मात्र ते घर सजवायचं होतं. आमचे साहेब हैदराबादहून बदलून आले होते. त्यांच्या बंगल्यावर कागद घेऊन गेलो की मी सही होईपर्यंत दिवाणखाना बघत बसे. एकदा माझी नजर कुठं फिरते आहे हे ओळखून ते म्हणाले, सगळं नवं मांडलं तर घर दुकानासारखं दिसतं, सगळं जुनं मांडलं तर अडगळीसारखं. नव्या सामानात एखादी जुनी चीज ठेवावी. हे वाक्य मी डोक्यात घेऊन घरी आलो आणि पुढचं वर्षभर त्याच्यामागं धावलो.

सोलापुरातून वेताच्या चार खुर्च्या आणल्या. मोटारीच्या टपावर बांधून आणताना करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर त्या उतरवल्या, मोजल्या, पुन्हा बांधल्या. मग आरशाचं कपाट आलं, लोखंडी पलंग आला, खिडक्यांना निळे पडदे लागले. बायको पडदे शिवता शिवता म्हणाली, "एवढ्या खुर्च्या कुणाला? आपण दोघं, आणि दोघंबी खालीच बसून जेवतो."

"माणसं येतील."

"माणसं मुरुमची येत्यात. ती खुर्चीला बघून दारातच उभी ऱ्हात्यात."

मुरुमला माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, ते मला लाडानं तम्मा म्हणत. आमचं घराणं लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय अप्पा पाण्याचा थेंब घेत नसत. त्या पूजेला बसायचा त्यांचा एक सागवानी पाट होता. मुरुमला कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजते, म्हणून आमच्या घरात पाटाला मणे म्हणत. चांगला दोन हात लांब, मधोमध पितळेचं फूल बसवलेलं, कडा बसून बसून गुळगुळीत झालेल्या. ते माझ्या आजोबांचं. मी बिऱ्हाड केलं तेव्हा अप्पांनी ते स्वतः पोत्यात गुंडाळून आणून दिलं.

"अप्पा, तुम्हाला तिकडं लागेल की," मी म्हणालो.

"तिकडं दुसरं हाय. हितं आलो तर बसू कशावर? खुर्चीवर बसून का लिंगपूजा होती?"

ते मणे सहा-सात महिने भिंतीला टेकून उभं होतं. एक दिवस मला साहेबांचं वाक्य आठवलं आणि मी सुतार बोलावला. त्याला म्हटलं, याला चार कातीव पाय लाव, चहाचं टेबल कर. त्यानं मणे उलटंपालटं करून पाहिलं, पितळेच्या फुलावर अंगठा फिरवला.

"साहेब, ही बसायची चीज हाय. उभी करू नका."

"तू पाय लाव."

त्यानं खालच्या पट्ट्या तासल्या, चार कोपऱ्यांत भोकं पाडली आणि पाय पक्के बसवले. वर पॉलिश चढल्यावर ते टेबल खरंच देखणं दिसलं. निळे पडदे, वेताच्या खुर्च्या आणि मध्ये ते जुनं सागवान. मी दारात जाऊन उभा राहिलो आणि परका माणूस आत येतो आहे असं समजून पुन्हा आत आलो. मनाशी खूश झालो. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी अप्पांची मला आठवणसुद्धा झाली नाही.

साहेब चहाला यायचे कबूल झाले. शुक्रवारी कचेरीला सुट्टी, म्हणून शुक्रवारी चार वाजता. त्याच दिवशी सकाळी दहाच्या मोटारीनं अप्पा आले. चिठ्ठी नाही, निरोप नाही. खांद्यावर शेंगांची थैली आणि हातात आईनं दिलेल्या कडक भाकरीचं गाठोडं.

"सोलापूरचा आडत्या तुळजापुरापर्यंत आलता. म्हटलं, पोराचं घर बघून जावं."

बायकोनं पाणी तापवलं. ते न्हाले, कपाळाला आणि दंडांना भस्म लावलं आणि ओल्या धोतरानं बाहेरच्या खोलीत आले. माझी मांडामांड सकाळीच झाली होती. खुर्च्या इंच इंच सरकवून नेमक्या ठेवल्या होत्या. आतल्या खोलीत निम्म्यात पलंग आणि निम्म्यात चूल. अप्पांनी इकडंतिकडं बघितलं.

"माझं मणे कुठाय?"

मी खुर्ची सरळ करू लागलो. त्यांनीच पाहिलं. जवळ गेले, वाकले, फुलावर हात ठेवला, मग एका पायाला हात लावून बघितला.

"आता गं बया. याला पाय फुटले की!" ते हसले. "बरं झालं तम्मा. आता चालत येईल मुरुमला."

मीही हसलो. बायको हसली नाही. ती एक खुर्ची उचलून म्हणाली, "मामंजी, इथं जागा करते. घोंगडी घालते, बसा तुम्ही."

मी तिच्या हातातली खुर्ची धरली. हळू आवाजात म्हणालो, "चारला साहेब येणार आहेत. सगळं लावून ठेवलंय."

अकरा वाजले होते. चारला पाच तास होते. पूजेला अर्धा तास लागतो. हा हिशोब मला तेव्हाही येत होता. खुर्च्यांचं निमित्त होतं. मला भीती होती ती निराळीच. अप्पा बसले की जेवतील, जेवले की तिथंच फरशीवर आडवे होतील, आणि साहेब येतील तेव्हा उघड्या अंगानं, भस्माच्या पट्ट्यांसह माझ्या निळ्या पडद्यांखाली बसलेले असतील. आणि साहेब विचारतील, हे कोण.

अप्पांनी आमच्या दोघांच्या हातातल्या खुर्चीकडं पाहिलं. मग सदरा अंगात चढवला.

"आपल्याला ऱ्हायचं न्हाय. बाराची मोटार हाय. दुकान पोरावर टाकून आलोय."

"मामंजी, जेवून तरी जा."

"पूजेबिगर जेवण कसलं, पोरी? घरी जाऊन करतो की."

म्हणजे रात्रीपर्यंत पाणीही नाही. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी एवढंच म्हणालो, "अप्पा, पुढच्या खेपेला चिठ्ठी टाकून या."

"व्हय, टाकतो," ते म्हणाले आणि जिना उतरले. मी मोटारीपर्यंत गेलोसुद्धा नाही. आरशाच्या कपाटाला बोटांचे डाग पडले होते, ते पुसत राहिलो.

साहेब वेळेवर आले. माणूस चांगला होता, त्यांचा काही दोष नाही. चहाचा कप त्यांनी पितळेच्या फुलावर ठेवला, लगेच उचलला आणि लाकडावरून हात फिरवला.

"वाह! ये कहाँ से मिला?"

माझे वडील त्या वेळी मुरुमच्या वाटेवर नळदुर्गाच्या पुढं असतील. मी म्हणालो, "बाज़ार से, साहब."

"कितने में?"

"पंद्रह."

"सस्ता मिला," साहेब म्हणाले. आत बायकोच्या हातून बशी आपटल्याचा आवाज आला.

त्यानंतर अप्पा माझ्या घरी आले नाहीत. मी मुरुमला जाई, ते विचारपूस करत, पण चिठ्ठी काही त्यांनी टाकली नाही. मधे धामधुमीचे दिवस आले, मोटारी बंद पडल्या, राजवट गेली, साहेबही कुठं गेले कळलं नाही. पुढच्या हिवाळ्यात अप्पांची चिठ्ठी आली. गुडघे धरलेत, उस्मानाबादच्या डॉक्टरला दाखवायचंय, सोमवारी येतो.

मी रविवारी सुतार बोलावला. तोच सुतार. त्यानं पाय काढले. "सांगितलं व्हतं," एवढंच म्हणाला. चारी कोपऱ्यांना भोकं राहिली. मी चारही खुर्च्या गच्चीवर नेऊन ठेवल्या, फरशी पुसली आणि खोलीच्या मधोमध मणे मांडलं.

अप्पा आले, न्हाले, मण्यासमोर उभे राहिले. एक हात भिंतीला लावून वाकायला गेले. निम्म्यात थांबले. पुन्हा प्रयत्न केला. मी धरायला गेलो तर हात झटकला. मग कण्हत म्हणाले, "न्हाय जमत. तुझी खुर्ची आण जा."

मी गच्चीवरून खुर्ची आणली. ते तिच्यावर बसले. मणे त्यांच्यासमोर ठेवलं, त्यावर तांब्या आणि बेल. तळहातावर लिंग घेऊन त्यांनी डोळे मिटले. वेताची खुर्ची अधूनमधून कुरकुरत होती. मी अर्धा तास दारात उभा होतो.

जेवण झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. खुर्च्यांचं निमित्त, साहेबांची लाज, बाजारात मिळालं म्हणालो ते. मान वर करवत नव्हती. अप्पा सुपारी कातरत होते, ते थांबले.

"किंमत किती सांगितलीस?"

"पंधरा रुपये."

"हाली का कलदार?"

निजामाचा हाली रुपया इंग्रजांच्या कलदारापेक्षा हलका. सीमेवरचा व्यापारी झोपेतही हे विचारेल.

"हाली," मी म्हणालो.

"म्हंजे फुकटच दिलंस की रं माझ्या बाळा!" त्यांना हसू आवरेना. आतून बायकोचंही हसणं ऐकू आलं. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी मण्याच्या कोपऱ्यातल्या भोकात बोट घालून बघितलं आणि सुपारीकडं बघतच म्हणाले, "त्या दिवशी नळदुर्गाला मोटार थांबली व्हती. लोक उतरून पाणी पीत व्हते. लई तहान लागली व्हती, तम्मा."

मी उठलो, आत गेलो, तांब्या भरून आणला. त्यांना तहान नव्हती, नुकतंच जेवण झालं होतं. तरी त्यांनी तांब्या घेतला आणि सगळा प्याले.